‘बिग’ शब्दाचे उपयोग

राणीसावरगाव
८ जुलै १९८६

आक्का,

वरती मायना घातला न्हाई. तीर्थरूप लिहावं तर तू काय आपला बाप न्हाईस, आन नुसतं सत्यशीला लिहावं तर थोबाडीत खाईन. तवा आक्काच.

कामाचं आधी लिहितो. मी इंग्रजीत पुन्हा उडालो. बाकी समदे विषय निघाले. दहावी निघाल्याशिवाय एस.टी.त कंडक्टर होता येत न्हाई, आन कंडक्टर झालो न्हाई तर जलमभर बाच्या मागं मेंढरं हाकायची. यात दोष तुझा हाय. एक शब्द धरायचा, त्याचे समदे उपयोग वाक्यात करून दाखवायचे, मगच दुसऱ्या शब्दाला हात लावायचा, ही रीत तूच लावलीस. मार्चात माझ्या हातात ‘बिग’ दिलास आन औरंगाबादला जाऊन नागनाथसंगं लग्न केलंस. जायचं तर निदान शब्द तरी संपवून जायचा.

आता घरात इंग्रजीचं अक्षर कुणाला येतंय? म्हणून मी रविवारच्या गाडीनं पालमला सूर्यभान मास्तरांच्या क्लासला जायलोय. मास्तर म्हणतेत, मोठ्याला इंग्रजीत एक शब्द न्हाई. मापायची वस्तू असली तर लार्ज. साधुसंत, पुढारी असले तर ग्रेट. रोजच्या बोलण्यात बिग. मी विचारलं, मेंढरांचा कळप? म्हणले, लार्ज. मग मी विचारलं, आमच्या गावचे किशनराव? मास्तर आधी दाराबाहेर बघितले, मग हळूच म्हणले, बिग.

तीन वाक्यं पाठवायलोय, तपासून दे. माय सिस्टर इज बिग. अवर हाउस इज नॉट बिग. माय मदर वॉज बिग. तिसऱ्या वाक्यात मास्तर म्हणले, ‘वॉज’ कशाला, ‘इज’ लिही. मी म्हणलं, तुमी आमच्या मायला बघितलं न्हाई. मार्चापासून अर्धी झालीय.

तसं घरचं समदं ठीक हाय. तुझ्या नावानं आंघोळी झाल्या हे तुझ्या सासूनं कळवलं असंलच. पंच म्हणले, रायभानची लेक बौद्धवाड्यात गेली, आपल्यासाठी ती मेली, आंघोळी करा. समदी भावकी विहिरीवर गेली. बा गेला. मी बी गेलो आन तांब्याभर पाणी डोक्यावर घेतलं, तुझ्यापासून लपवत न्हाई. माय मात्र उठली न्हाई. ज्वारी निसत बसली. बोलवायला आलेल्या बायांना म्हणली, माझी लेक जित्ती हाय, मी आंघोळ रोजच्यासारखी सकाळी केलीय.

आता पंचांचं म्हणणं असं, की जिनं जन्म दिला तिनं लेकीच्या नावानं पाणी घेतल्याशिवाय घराचं सुतक फिटत न्हाई. तवापासून आपल्याकडं कुणी पाणी पीत न्हाई. पावसाळा हाय, जो तो पेरणीत गुंतलाय, म्हणून गोष्ट थंड हाय. लोक हसण्यावारी नेतेत. होईल समदं नीट.

उत्तर घरच्या पत्त्यावर नको, बाच्या हातात पडंल. मास्तरांचा पत्ता खाली दिलाय.

अंगद

२१ सप्टेंबर १९८६

आक्का,

धन्य हाय तुझी. सहा महिन्यांनी भावाला कार्ड लिहिलीस आन त्यात काय, तर ‘माय सिस्टर इज बिग असे लिहू नये. त्याचा अर्थ बहीण लठ्ठ आहे असा होतो. थोरल्या बहिणीला बिग सिस्टर म्हणावे.’ कशी हायस, कुठं राहतीस, काय रांधतीस, एक अक्षर न्हाई. रागावलीस ते कळलं. त्या तांब्याबद्दल रागावलीस. रागव. पण जागा शिल्लक होती कार्डावर, तिथं मायसाठी एक ओळ टाकली असतीस तर काय पोस्टानं जादा पैसे घेतले असते?

माय विचारली, काय लिहिलंय रं बाईनं? मी म्हणलं, लिहितीय की मी खुशाल हाय, मायची आठवण येती, मायच्या हातचं हुलग्याचं माडगं खावं वाटतंय. तुझ्या वतीनं एवढं खोटं बोलायची आता मला सवय झालीय. ती कार्ड हातात घेतली आन लय वेळ बघत बसली. उलटं धरलं होतं. मी सांगितलं न्हाई.

‘बिग’चा नवा उपयोग सापडला. बिग माउथ. ज्याच्या तोंडात शब्द ठरत न्हाई तो. मास्तर समजावून सांगायले तवा मला खुदकन हसू आलं, कासा आत्या डोळ्यांपुढं उभी ऱ्हायली. बाची सख्खी बहीण, पण आता घरात येत न्हाई. बाहेर दगडावर बसती, पाणी मागत न्हाई, आन समद्या गावाचं आमाला सांगून आमचं समद्या गावाला सांगायला जाती. परवा मायला म्हणली, वहिनी, एक तांब्या वत की डोक्यावर, लेक काय खरंच मरणार हाय का त्यानं? माय म्हणली, मग कशाला वतायचा?

बा लय बोलत न्हाई. मेंढरं घेऊन दिवस निघायच्या आत जातो. एक दिवस त्याच्यासंगं माळावर होतो तवा मी त्याला छेडलं. तुला ठाऊक हाय का न्हाई कुणास ठाऊक, नामांतराच्या साली बौद्धवाडा पेटला त्या दिवशी बायनाबाई पोराला घेऊन आपल्या मेंढवाड्यात शिरली होती. बा त्या दोघांना मेंढरांत बसवला, वरून घोंगडी टाकला, आन स्वतः दारात बिडी वढत बसला. मागं आलेल्या लोकांना म्हणला, मेंढरं हायत, दुसरं काय असणार. म्हणजे तुझा नवरा आपल्याच मेंढरांत बसून वाचला. मी बाला म्हणलं, तवा त्याला आत घेतलंस, आता का भितोस? तो म्हणला,

“तवा कुनी बघितलं न्हाई.”

मी उठून मेंढरं वळवायला गेलो. नागनाथला नमस्कार सांग. दाजी लिहायला हात उठंना अजून. वेळ लागंल.

अंगद

१६ नोव्हेंबर १९८६

आक्का,

हे तू मला का कळवली न्हाईस? बाजारात बायनाबाईकडून मायला कळावं? भाजीच्या पाट्यांमधी दोघी विहिणी एकमेकींकडं न बघता बोलल्या म्हणं. बायनाबाई वांगी निवडायली, माय मिरच्या निवडायली, आन वांग्याकडं बघतच बायनाबाई म्हणली, सत्यशीलेला दिवस गेलेत. माय मिरच्या तिथंच ठेवून घरी आली. बाजार केलाच न्हाई. त्या दिवशी आमी नुसतं तिखट-मीठ आन भाकर खाल्ली आन माय एकटीच हसत होती.

मास्तरांकडं एक जुनी डिक्शनरी हाय, विटेएवढी जाड. मी त्यात ‘बिग’चं पान काढलो तर तिथं तळाला होतं, बिग विथ चाइल्ड. मास्तरांना विचारलं. ते लाजले आन म्हणले, हा जुना उपयोग हाय, आता परीक्षेत येत न्हाई, सोडून दे. मी कशाचं सोडतो. घरी येऊन मायला सांगितलं, इंग्रजीत पोटुशी बाईला बी मोठी म्हणतेत. ती म्हणली, बरूबर हाय त्यांचं, बाई मोठी तवाच होती.

आता नीट वाच. माय म्हणतीय, पहिलं बाळंतपण माहेरी. यात दुसरा विचार न्हाई. सातव्यात आणायचं. तिला वाटतंय पोर बघितलं की समदे विरघळतेत. मी म्हणलं, माय, गाव काय म्हणंल? तर म्हणली, गावाला मी बाळंतपणाला बोलवत न्हाई. डिंक आणून ठेवलीय, हाळीव आणून ठेवलीय, गोडंबी बाटलीत भरलीय. खाटेची सुंभ मला नव्यानं विणायला लावली.

बाला सांगायचं कुणी? मायनंच सांगितलं. तो ऐकून घेतला आन भाईर गेला. मला वाटलं झालं, आता काय तरी तोडफोड. दुसऱ्या दिवशी कळप निघाला तवा तो दुभती ढवळी शेळी बाजूला काढला आन दाराला बांधून गेला. बाळंतिणीला दूध लागतंय ना. माय त्या शेळीला बघून रडली. मला बी लय बरं वाटलं, आक्का. खरं सांगतो, मार्चापासून पहिल्यांदा घरात जेवण गोड लागलं.

तू ये. दाजींना सांग काळजी करू नका.

अंगद

११ जानेवारी १९८७

आक्का,

जरा घोटाळा झालाय. घाबरू नको.

माय या सुगीला कोकरांची पहिली लोकर वेगळी ठेवली होती. जावळ म्हण हवं तर, कापसासारखी मऊ. ती स्वतः कातली आन सनगराकडं घोंगडी विणायला टाकली. सनगर विचारला, किती हात? आता तिनं सांगायचं, नेहमीसारखी, आन घरी आणून कापायची. पण न्हाई. लोकर वाया जाईल म्हणून सरळ म्हणली, दोन हात. सनगर म्हातारा हाय, जलमभर आपल्या लोकांच्या घोंगड्या विणल्यात त्यानं. दोन हाताची घोंगडी कशाला लागती हे त्याला सांगायला नको. आमच्या घरात तर पाळण्यातलं कुणी न्हाई. त्याच्या मनात वाईट न्हवतं. तो कौतुकानं आत्याला विचारला, रायभानकडं कोण बाळंत व्हायलंय?

पुढचं तुला लिहायची गरज न्हाई. आत्या हाय.

दोन दिवसांत पंच आले. आत बसले न्हाईत, दारात उभं ऱ्हायले. म्हणले, मेलेल्या लेकीचं बाळंतपण कसं करतोस रायभान? बा खाली बघत होता. माय आतून म्हणली, मी करणार हाय, त्यांना काय विचारता.

खरी अडचण वेगळीच हाय. सुगी झाली की आपली मेंढरं किशनरावच्या रानात बसतेत, हे तू लहानपणापासून बघितलीस. रात्री कळप रानात बसवायचा, लेंडी-मुतानं रानाला खत होतंय, त्याच्या बदल्यात ज्वारी, आन दिवसा कडब्याच्या शेतात चराई. आपलं निम्मं वर्ष त्यावर निघतंय. यंदा बा विचारायला गेला तर किशनराव ओसरीवरून खाली बी उतरले न्हाईत. मी संगं होतो. ते शांतपणानं म्हणले,

“रायभान, तुझ्यावर राग न्हाई आमचा. पर सुतकातल्या घरचं खत मी रानात घेनार न्हाई.”

शेणाला बी सुतक लागतंय हे मला ठाऊक न्हवतं. त्यांनी नको म्हणल्यावर पालमच्या शिवारापर्यंत कुणी आपल्याला रान द्यायला तयार न्हाई. समदे म्हणतेत, किशनराव घेतले की आमी घेऊ. बिग मॅनचा अर्थ मास्तरांनी मला आधीच सांगितला होता, आता तो पाठ करायची गरज उरली न्हाई.

कळप माळावर बसायलाय. माळावर काय हाय, दगडं आन तरवड. दोन मेंढ्या गाभडल्या, कोकरं पोटातच गेली. बा तीन कोसावर पाण्याला नेतो. तरी मायला काय बोलत न्हाई, ही त्याची मोठी गोष्ट हाय. मायला फक्त एक तांब्या डोक्यावर घ्यायचाय, की उद्या रान मिळतंय. ती घेईना. बाळंतपण झाल्यावर बघू म्हणतीय.

तू मनाला लावून घेऊ नको. वाईट दिवस काय कायमचे न्हाईत.

अंगद

१५ फेब्रुवारी १९८७

आक्का,

तुझं मोठं पत्र आलं. एवढे महिने चुका सुधारून पाठवलीस, आता एकदम चार पानं. वाचताना मला रडू आलं आन राग बी आला. दोन्ही एकदम आलं की माणूस कसा दिसतो ते मास्तरांना विचार, ते समोर बसून बघत होते.

तू लिहिलीस, मायला सांग आंघोळ करून टाक. पाणीच तर हाय. मला कसलाच राग येणार न्हाई. मेंढरं जगली पाहिजेत. मी होळी झाली की येणारच हाय, तिनं आंघोळ केली काय आन न केली काय. आन खाली माझ्या अभ्यासासाठी ‘बिग’चा उपयोग दिलास, नो बिग डील. म्हणजे त्यात काय मोठंसं.

मी मायला वाचून दाखवलं. ते इंग्रजी तिला मराठीत सांगितलं, की आक्का म्हणतीय ही काय मोठी गोष्ट न्हाई. ती ज्वारीचं पीठ मळत होती. मला वाटलं तिला सुटल्यासारखं होईल. ती हात थांबवली आन म्हणली,

“तिला न्हाई. ती शिकलीय. मला हाय.”

मग ती मला नीट सांगितली, मी तसंच लिहायलोय. ती म्हणतीय, मी पाणी घेतलं म्हणजे मी माझ्या तोंडानं कबूल केलं की माझी लेक मेली. मग कुठल्या तोंडानं तिला दारात ओवाळू? कुठल्या हातानं तिचं पोट चोळू? लोकांनी घेतलं ते लोकांचं. मी घेतलं की खरंच झालं. आक्का, तुला आन मला हे येडेपण वाटतंय. पण तिचं तसं न्हाई. ती देवाला नारळ बोलली तर पाच वर्षांनी बी जाऊन फोडून येती, उपाशी ऱ्हाईल पण बोललेलं खाणार न्हाई. तिला लटकी आंघोळ येत न्हाई.

म्हणून ती अडून बसलीय. आन आता अडून बसायला जागा कमी हाय. कळपातली निम्मी मेंढरं बसली तर उठत न्हाईत. बा दोन रात्री घरी आला न्हाई. ढवळी शेळी आटली.

आणखी एक. लिहू का नको करत होतो. परवा किशनराव बाला पारावर थांबवले. तू होळीला येणार हे त्यांना कळलंय, आत्यालाच धन्यवाद दे. चार लोकांत ते म्हणले,

“तुझी लेक हितं बाळंत व्हायला आली तर उतरंल कुठं? तुझ्या घरी, न्हाईतर बायनाबाईच्या. त्या वाड्याला आग लागून आठ-नऊ वर्सं झाली. लोकं इसरायलेत.”

तेवढंच. ते मोठ्यानं बी बोलत न्हाईत कधी. बा घरी येऊन हे मायला सांगितला. माय त्या दिवशी पहिल्यांदा भाकर टाकून उठली.

तरी तू थांब. येऊ नको असं मी लिहीत न्हाई, पण मी पुढचं पत्र टाकल्याशिवाय गाडीत बसू नको. माझ्यावर एवढी मेहरबानी कर.

अंगद

५ मार्च १९८७

आक्का,

हा कागद मी टाकणार न्हाई. तरी लिहायलोय, कारण उद्या जो टाकणार हाय त्यात यातलं काहीच नसंल.

काल मायनं आंघोळ केली.

मंगळवारी ती बाला म्हणली, पंचांना बोलव. कुणी तिला दामटली न्हाई, तिच्या मनानं ती म्हणली. बा म्हणला, म्हाळसा, ऱ्हाऊ दे, आपण कळप विकू. ती म्हणली, मेंढरांसाठी न्हाई करत मी. मी तिथंच होतो. मेंढरं मेली असती तरी ती उठली नसती, हे मी तुला लिहून देतो. ती त्या आगीच्या बोलण्यानं उठली. तू हट्टी हायस. नको म्हणलं की नक्की येशील, सातवा महिना असो का नववा. आन तू आलीस तर लेकरासकट, सासूसकट तुझं काय होईल ते तिला रात्रंदिवस दिसत होतं.

अंगणात दगड ठेवला. पंच आले, भावकी आली, आत्या आली. आत्याच्या तोंडून त्या दिवशी एक शब्द निघाला न्हाई, पदर तोंडात घालून उभी होती. पाणी मी आणलं. माय केस सोडून दगडावर बसली. पंच म्हणला, नाव घ्यावं लागतंय. मला वाटलं होतं ती नाव घेणार न्हाई, तिथं अडंल. ती घेतली. सत्यशीला म्हणली, स्पष्ट, आन तांब्या वतून घेतली. थंडीनं कापायली तरी उठली न्हाई. मग वर बघून पंचाला विचारली, झालं का? तो म्हणला, झालं. ती उठून आत गेली.

सांजच्याला किशनरावचा गडी आला, म्हणला, मालक म्हणतेत कळप आजपासून आणा. बा मेंढरं घेऊन गेला. काळ्या रानात जाऊन मेंढरं अशी बसली जसं काही झालंच न्हाई. बा रात्री जेवला न्हाई.

आज सकाळी माय मला समोर बसवली. म्हणली,

“तिला लिही, माय मेली. दिवस झाले म्हनून लिही, न्हाईतर मातीला येईल.”

मी म्हणलं, माय, असं अभद्र कसं लिहू? ती म्हणली, मग कसं थांबवतोस तिला? किशनराव आग लावतो म्हणून लिहिलास तर ती पोलीस घेऊन येईल, नवरा मोर्चा घेऊन येईल. माहेर न्हाई म्हणून लिहिलास तर भांडायला येईल. माय न्हाई म्हणलास तर कुणाकडं येईल? पोटुशी बाईला सुतकाच्या घरी कुणी पाठवत न्हाई, तिची सासू पाठवायची न्हाई. हे समदं ती विचार करून ठेवली होती. पहाटेच बायनाबाईकडं जाऊन आली होती म्हणं. आयुष्यात पहिल्यांदा बौद्धवाड्यात पाऊल टाकली, ते याच्यासाठी. दोघींचं ठरलंय. बायनाबाई औरंगाबादला जाणार, बाळंतपण ती करणार, आन विचारलं तर तेच सांगणार, तुझी माय गेली. बायनाबाई आधी ऐकत न्हवती. माय तिच्या पाया पडली.

मी चिडलो. म्हणलं, मी खोटं लिहिणार न्हाई. इतके महिने तिचे कागद वाचताना मी तुला गोड खोटं सांगत आलो, आता हे तुझ्यासाठी तिला लिहू? ती ओरडली न्हाई. म्हणली,

“खोटं कुठं हाय, अंगद? लेक मेली म्हनून पानी घेतलं, ती माय कशाची जित्ती?”

आक्का, मी काय करू सांग. तू एवढी शिकलीस, कोर्ट-कायदा जाणतीस, तुझ्या नवऱ्यानं नामांतरासाठी तुरुंग बघितला. तुमी म्हणाल, लढा. मला बी तसंच वाटतंय. पण लढायला उद्या इथं उभं कोण ऱ्हाणार? बा, मी आन बौद्धवाड्यातली दहा घरं. मागच्या वेळी बी तेवढीच होती. मला रडू येतंय आन मला माझीच लाज वाटतेय. तुझ्यावर राग येतोय, की तू नो बिग डील लिहिलीस. आन हे बी खरं हाय, की तू तसं लिहिली नसतीस तर मला तू परकी वाटली असतीस.

सोमवारी इंग्रजीचा पेपर हाय. मी जाणार न्हाई. मास्तरांना सांगितलं, ते म्हणले, अंगद, या वेळी तू निघाला असतास. असंल. कळप मोठ्या रानात हाय, बाला एकट्याला जमत न्हाई आता, तो तिथंच बसून ऱ्हातो आन मेंढरं दुसऱ्याच्या रानात जातेत.

माय आत झोपलीय. तुझं नाव घेत न्हाई. दुपारी मी चुकून आक्का म्हणलो तर ती इकडंतिकडं बघितली, जसं कोण तिसरं माणूस आलंय.

अंगद

६ मार्च १९८७

सौ. सत्यशीलेस,

कागदाचा कोपरा फाडला आहे, त्यावरून वाचायच्या आधीच तुला कळलं असंल.

आपली माय गेली. शिवरात्रीच्या आधी गेली. ताप आला, दोन दिवस अंगावर काढला, आन गेली. लय हाल झाले न्हाईत. बा जवळ होता, मी जवळ होतो. तुला कळवायला मी उशीर केला, कारण तुझी अवस्था अशी, धावपळ करून आली असतीस. माती झाली, दिवस झाले, समदं रीतीप्रमाणं झालं. आता येऊन करण्यासारखं इथं काही उरलं न्हाई.

होळीनंतर यायचं ठरवली होतीस, ते रद्द कर. घरात बाईमाणूस न्हाई. बाळंतपण कोण करणार? तुझ्या सासूबाई येतायत, त्यांच्या हाताखाली ऱ्हा. त्या चांगल्या हायत. त्या सांगतील तसं खा, जड उचलू नको, जिने चढू-उतरू नको. डिंक, हाळीव, गोडंबी त्यांच्याकडं दिलीय.

बाकी आमी दोघं ठीक हाव. मेंढरांना रान मिळालं. दाजींना नमस्कार. मला आता उत्तर पाठवू नको, पालमचा क्लास बंद केलाय.

मायच्या नावानं आंघोळ करावी लागंल. कर. पण गार पाण्यानं करू नको, कोमट घे, आन डोक्यावरून नको, खांद्यावरून घे. तेवढं मात्र ती सांगून गेलीय.

तुझा भाऊ,
अंगद